‘इन्क्लूड’ची फाइल नेमकी कुठून शोधावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये युआर्ट आणि एसपीआय असे डेटा पाठवणारे दोन ब्लॉक व्हेरिलॉगमध्ये, म्हणजे चिपचं हार्डवेअर लिहायच्या भाषेत, लिहिले आहेत. युआर्टच्या मुख्य फाइलमध्ये इन्क्लूड "डिफाइन्स.व्हीएच" अशी ओळ आहे, म्हणजे ‘ती फाइल इथे आणून वाच’, आणि ती हेडर (सामाईक व्याख्यांची) फाइल त्याच फोल्डरमध्ये शेजारीच ठेवलेली आहे. युआर्टच्या फोल्डरमध्ये जाऊन आयकॅरस हे सिम्युलेटर (कोड चालवून बघणारं टूल) चालवलं की सगळं कंपाइल होतं. प्रोजेक्टच्या वरच्या फोल्डरमधून चालवलं की ‘फाइल सापडत नाही’. मित्राच्या लॅपटॉपवर योसिस हे सिंथेसिसचं (कोडपासून सर्किट बनवणारं) टूल मात्र दोन्हीकडून चालतं. चूक कुणाची, नियम काय आहे, आणि खरं तर काय असायला हवा?

चूक तुमची नाही, आणि दोन्ही टूलांचीही नाही. आयकॅरस भाषेच्या प्रमाणकाला, म्हणजे अधिकृत नियमावलीला, धरून चालतं. योसिस त्यात एक पायरी वाढवतं: टूल जिथून चालवलं तिथे फाइल नसेल, तर जी फाइल इन्क्लूड मागतेय तिच्या फोल्डरमध्येही ते बघतं आणि मग डॅश आय या पर्यायाने दिलेले फोल्डर धुंडाळतं. माझ्या मते योसिसने वाढवलेली ही पायरी सगळ्यात पहिली असायला हवी. का, ते सविस्तर सांगतो, कारण या एका ओळीने मी पूर्ण चिप धोक्यात आलेली पाहिली आहे.

आधी प्रमाणक काय म्हणतं ते बघू. व्हेरिलॉगचं पहिलं आयट्रिपलई प्रमाणक, १३६४, हे १९९५ साली आलं. त्यात इन्क्लूडबद्दल इतकंच आहे की फाइलचं नाव पूर्ण पाथ असू शकतं किंवा सापेक्ष पाथ. सापेक्ष, पण कशाला सापेक्ष? ते लिहिलेलं नाही. पुढे एकात एक इन्क्लूड किमान १५ पातळ्या खोल चालले पाहिजेत, हे आकडा देऊन सांगितलं. शोध कुठून सुरू करायचा ते मात्र टूल बनवणाऱ्यांवर सोडलं. व्हेरिलॉगची पुढची भाषा असलेल्या सिस्टिमव्हेरिलॉगच्या १८०० क्रमांकाच्या प्रमाणकात हे स्पष्ट झालं: नाव दुहेरी अवतरणात असेल तर कंपाइलर ज्या फोल्डरमधून चालतोय तो फोल्डर बघायचा, आणि ऐच्छिक म्हणून वापरकर्त्याने दिलेल्या जागा. नाव कोनी कंसात असेल तर फक्त प्रमाणकानेच ठरवलेल्या फाइली जिथे असतात ती जागा. इन्क्लूड मागणाऱ्या फाइलच्या फोल्डरचा उल्लेख यात कुठेच नाही.

हे असं का झालं ते समजण्यासारखं आहे. व्हेरिलॉग जन्मलं १९८०च्या दशकाच्या मध्यात, गेटवे डिझाइन ऑटोमेशनमध्ये. ती कंपनी १९८९ साली केडन्सने घेतली आणि पुढच्या वर्षी भाषा सगळ्यांसाठी खुली झाली. त्या काळी डिझाइन म्हणजे एका फोल्डरमधल्या मोजक्या फाइली. इंजिनिअर त्याच फोल्डरमध्ये उभा राहून सिम्युलेटर चालवायचा. ‘मी जिथे आहे तिथे’ आणि ‘फाइल जिथे आहे तिथे’ या दोन जागा एकच होत्या, त्यामुळे फरक करायची गरजच पडली नाही. इन्क्लूडसाठी शोधायचे फोल्डर सांगणारा प्लस-इन्कडिर हा पर्यायसुद्धा प्रमाणकातून आलेला नाही. तो व्हेरिलॉग-एक्सएल या जुन्या सिम्युलेटरच्या काळापासून चालत आलेला रिवाज आहे आणि आज बहुतेक टूलं तो पाळतात.

आता परिस्थिती उलटी आहे. एकाच ब्लॉकचं सिम्युलेशन एका फोल्डरमधून चालतं, लिंट (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणं) दुसऱ्या, सिंथेसिस तिसऱ्या. रात्री सर्व्हरवर आपोआप चालणारे रन तर प्रत्येक वेळी नवा तात्पुरता फोल्डर बनवतात. टूल कुठून चालवलं ही गोष्ट आज डिझाइनचा भाग राहिलेली नाही. ती चालवणाऱ्याच्या सोयीची गोष्ट आहे. मग सोर्स कोडचा अर्थ त्यावर का अवलंबून असावा?

कांजूरमार्ग स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘गांधीनगर’ म्हटलं की रिक्षा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या नाक्यावर जाते. वांद्रे पूर्वेला बसून तेच नाव सांगा, रिक्षा तिथल्या वसाहतीत शिरेल. दोन्ही रिक्षावाले बरोबर आहेत, कारण नुसतं नाव हा अपुरा पत्ता असतो आणि ऐकणारा तो बोलणाऱ्याच्या जागेवरून पूर्ण करतो. इन्क्लूडच्या ओळीत बोलणारी फाइल आहे. तिच्या लेखकाने "डिफाइन्स.व्हीएच" लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शेजारची फाइल होती. टूल कुणी, कधी, कुठून चालवेल हे त्याला ठाऊक असणंच शक्य नव्हतं. पत्ता पूर्ण करायचा तर तो त्या फाइलच्या जागेवरून करायला हवा.

सी भाषेच्या जगात हे कधीच मान्य झालेलं आहे. सीचं प्रमाणकही ही जागा कंपाइलरवर सोडतं, पण जीसीसी आणि इतर कंपाइलर अवतरणातलं नाव आधी मागणाऱ्या फाइलच्या फोल्डरमध्ये शोधतात आणि त्यानंतर डॅश आयच्या यादीत. त्यामुळे सीची लायब्ररी कुठूनही कंपाइल करा, तिची आतली हेडरं एकमेकांना सापडतात. हार्डवेअरच्या टूलांतही हे हळूहळू येतंय. स्लँग हे टूल मुळातच आधी मागणाऱ्या फाइलच्या शेजारी बघतं, आणि नको असेल तर ते बंद करायचा पर्याय देतं. व्हेरिलेटर या सिम्युलेटरमध्ये ‘रिलेटिव्ह इन्क्लूड्स’ नावाचा पर्याय आहे, आयकॅरसमध्ये डॅश जी देऊन ‘रिलेटिव्ह इन्क्लूड’ चालू करता येतं. तुमचा आजचा अडथळा तेवढ्यानेही दूर होईल. पण या दोन्हींत तो मुळात बंद असतो, म्हणजे तुमचा कोड दुसऱ्याच्या हातात गेला की त्याने तो पर्याय लक्षात ठेवून द्यायचा. मी त्यावर विसंबणार नाही.

फाइल सापडली नाही तर टूल ओरडतं, तास-दोन तास जातात आणि प्रश्न सुटतो. खरं नुकसान होतं ते चुकीची फाइल सापडते तेव्हा.

काही वर्षांपूर्वी मी अंधेरीतल्या एका डिझाइन हाउसमध्ये होतो. आमच्या चिपवर स्वतः लिहिलेला मेमरी कंट्रोलर होता आणि बाहेरून घेतलेला डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा) ब्लॉक. दोन्हींच्या फोल्डरमध्ये "डिफाइन्स.व्हीएच" होती. मेमरी कंट्रोलरची मंडळी सिम्युलेशन स्वतःच्या फोल्डरमधून चालवायची, त्यामुळे त्यांना आपलीच हेडर मिळायची. सिंथेसिस मात्र वेगळ्या फोल्डरमधून चालायचं आणि इन्कडिरच्या यादीत डीएमएचा फोल्डर वर होता. मेमरी कंट्रोलरच्या फाइलींनी "डिफाइन्स.व्हीएच" मागितली आणि त्यांना डीएमएची मिळाली. डेटाची आणि अॅड्रेसची रुंदी सांगणारे मॅक्रो (नाव दिलेल्या किमती) दोन्ही हेडरमध्ये एकाच नावाचे आणि एकाच किमतीचे होते, म्हणून कुठे एररही आली नाही. फरक फक्त एका मॅक्रोचा होता. एरर करेक्शनचं लॉजिक इफडेफच्या, म्हणजे ‘हा मॅक्रो असेल तरच’ या अटीच्या, आत होतं आणि तो मॅक्रो डीएमएच्या हेडरमध्ये नव्हता. इफडेफला मॅक्रो नसला तर तो तक्रार करत नाही. तो ते लॉजिक गाळून पुढे जातो.

नेटलिस्ट, म्हणजे सिंथेसिसने बनवलेलं गेटचं जाळं, तयार झाली. एरिया अंदाजापेक्षा कमी आला, त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही. आरटीएल (आम्ही लिहिलेला कोड) आणि नेटलिस्ट तार्किकदृष्ट्या एकच आहेत का, हे तपासणारं टूलही ‘एकच आहेत’ म्हणालं, कारण त्याला सिंथेसिसचीच फाइल यादी दिली होती. तेही तीच चुकीची हेडर वाचत होतं. टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन चिप बनवायला पाठवण्याच्या, दोन आठवडे आधी गेट लेव्हल सिम्युलेशनमध्ये मुद्दाम एक बिट बिघडवणारी टेस्ट नापास झाली तेव्हा हे उघडकीला आलं. ती टेस्ट वेळ वाचवायला टेस्टच्या यादीतून वगळायची असं एका बैठकीत जवळपास ठरलं होतं. ती राहिली म्हणून चिप वाचली. शोध मागणाऱ्या फाइलच्या फोल्डरपासून सुरू झाला असता तर हा प्रकार घडलाच नसता.

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. पूर्ण पाथ दिला असेल तर तोच. नाहीतर आधी मागणाऱ्या फाइलचा फोल्डर. मग त्या ब्लॉकसाठी जाहीर केलेले इन्क्लूड फोल्डर, दिलेल्या क्रमाने. मग पूर्ण चिपसाठी जाहीर केलेले. टूल जिथून चालवलं तो फोल्डर आपणहून यादीत नसावाच. कुणाला हवा असेल त्याने इन्कडिरला टिंब देऊन तो स्वतः जोडावा. जुना कोड एका दिवसात बदलणार नाही आणि प्रमाणकही तो फोल्डर बघायला सांगतं, म्हणून मधल्या काळात टूलांनी तो सगळ्यात शेवटी बघावा आणि तिथे फाइल मिळाली तर वॉर्निंग द्यावी.

‘मागणारी फाइल’ म्हणजे कोणती, हेही नेमकं हवं. युआर्टच्या मुख्य फाइलने एक हेडर घेतली आणि त्या हेडरने आणखी एक मागितली, तर शोध त्या हेडरच्या फोल्डरमधून सुरू व्हावा, मुख्य फाइलच्या नाही. फाइलचं नाव मॅक्रोतून बनवलेलं असेल (प्रमाणक ते करू देतं), तर इन्क्लूडची ओळ ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल धरावी. तो मॅक्रो कुठे लिहिला होता याचा संबंध नसावा. आणि फाइल सिमलिंकमधून (दुसरीकडच्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीतून) उघडली असेल तर सिमलिंक जिथे आहे तो फोल्डर धरावा, मूळ फाइलचा नाही. बरीच बिल्ड टूलं सिमलिंकांचं एक झाड रचून त्यातून कंपाइल करतात. मूळ जागा धरली तर त्यांनी मुद्दाम रचलेली मांडणी निरुपयोगी होते.

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो अनुभवी लोकांकडून येतो. ते म्हणतात, आम्हाला दुसऱ्याच्या ब्लॉकमधली कॉन्फिग हेडर आमच्या हेडरने झाकायची असते. ब्लॉकला हात न लावता आमचा फोल्डर इन्कडिरमध्ये वर ठेवला की काम होतं. मागणाऱ्या फाइलचा फोल्डर पहिला आला तर ही सोय जाते. खरंच जाते, आणि तिचा उपयोग मी स्वतः केला आहे. पण माझ्या चिपवर जे झालं ती हीच सोय होती, फक्त तिथे ती कुणी मागितली नव्हती. हेतूने झाकणं आणि अपघाताने झाकणं यांत टूलला काहीच फरक दिसत नाही. ज्याला आपली हेडर बदलू द्यायची आहे त्या ब्लॉकच्या लेखकाने ती सोर्सच्या शेजारी ठेवू नये. वेगळ्या इन्क्लूड फोल्डरमध्ये ठेवून तिथली ती फाइल बदलता येते असं लिहून द्यावं. नाहीतर सरळ मॉड्यूलला पॅरामीटर द्यावा. बदल करायची जागा लेखकाने ठरवलेली असली की बाकीच्या जागा सुरक्षित राहतात. सीमध्ये अवतरण आणि कोनी कंस यांतला फरक नेमका यासाठी वापरता येतो: कोनी कंस म्हणजे ‘शेजारी बघू नका, यादीतच बघा’. सिस्टिमव्हेरिलॉगने कोनी कंस फक्त प्रमाणकाच्या फाइलींना राखून ठेवले. मला ती संधी वाया गेल्यासारखी वाटते.

‘त्या ब्लॉकसाठी जाहीर केलेले फोल्डर’ असं वर म्हटलं, तो मुद्दा लोक सहसा सोडून देतात. आज बहुतेक ठिकाणी इन्कडिरची यादी पूर्ण रनसाठी एकच असते. चाळीस ब्लॉक, चाळीस फोल्डर, एकच रांग. नवा ब्लॉक रांगेत मध्ये घातला की त्याच्या मागच्या सगळ्यांचा अर्थ बदलू शकतो. गंमत म्हणजे याचं उत्तर २००१ सालच्या व्हेरिलॉगमध्येच आहे. त्या वर्षी लायब्ररी मॅप फाइल आली. तीत एकेका लायब्ररीच्या फाइली सांगता येतात आणि त्याच वाक्यात डॅश इन्कडिर देऊन फक्त त्या लायब्ररीपुरते इन्क्लूड फोल्डर देता येतात. शिवाय त्या मॅप फाइलमधले सापेक्ष पाथ ती मॅप फाइल जिथे आहे तिथून मोजायचे, असं प्रमाणकात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ‘फाइलच्या जागेवरून मोजा’ हे तत्त्व याच भाषेच्या प्रमाणकाने मान्य केलेलं आहे, फक्त इन्क्लूडच्या ओळीला ते लावलं नाही. लायब्ररी मॅप प्रत्यक्षात कमी वापरला गेला, आणि लोकांनी ती गरज बाहेरच्या बिल्ड टूलांतून भागवली. झुरिचच्या पल्प या खुल्या हार्डवेअरच्या प्रकल्पातून आलेलं बेंडर हे टूल प्रत्येक पॅकेजला स्वतःचे इन्क्लूड फोल्डर देतं, आणि त्यांतले इतरांसाठी कोणते खुले हे वेगळं लिहायला लावतं. स्वतःसाठीचे आणि पाहुण्यांसाठीचे असे दोन वर्ग हवेतच.

व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर भाषेवाल्यांना हा सगळा वाद परका वाटेल. त्या भाषेत इन्क्लूडच नाही. लायब्ररीचं नाव आणि पॅकेजचं नाव द्यायचं, डिस्कवर ते कुठे आहे ते कोडमध्ये येतच नाही. सिस्टिमव्हेरिलॉगमध्येही पॅकेज आहेत, आणि रुंदी, स्थिरांक, टाइप हे सगळं तिथेच जायला हवं. पॅकेज सापडलं नाही तर टूल थांबतं, इफडेफसारखं गप्प बसत नाही. पण मॅक्रो पॅकेजमध्ये ठेवता येत नाहीत. यूव्हीएम ही डिझाइन तपासायची लायब्ररी वापरताना पॅकेज इम्पोर्ट केल्यावरही मॅक्रोंची हेडर वेगळी इन्क्लूड करावी लागते, ती त्यामुळेच. म्हणून इन्क्लूडपासून पूर्ण सुटका नाही.

आता तुमच्या प्रोजेक्टचं. टूलं एकमत होईपर्यंत कोड असा लिहायचा की कुठल्याही शोधक्रमाने तीच फाइल मिळेल. युआर्टच्या फोल्डरमध्ये ‘इन्क्लूड’ नावाचा फोल्डर करा, त्याच्या आत ‘युआर्ट’ नावाचा आणखी एक, आणि हेडर त्यात ठेवा. हेडरचं नावही ‘युआर्ट_डिफाइन्स’ असं करा. कोडमध्ये "युआर्ट/युआर्ट_डिफाइन्स.व्हीएच" लिहा आणि इन्कडिरला बाहेरचा ‘इन्क्लूड’ फोल्डर द्या. पल्पच्या कॉमन सेल्स या लायब्ररीत हीच पद्धत आहे: रजिस्टरांचे मॅक्रो घ्यायचे तर आधी लायब्ररीचं नाव, मग तिरकी रेघ, मग फाइलचं नाव. आधी ब्लॉकचं नाव लागलं की दोन हेडरं एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. तसंच एसपीआयला करा. नावांत लहान-मोठी अक्षरं एकसारखी ठेवा. घरच्या विंडोजवर ‘डिफाइन्स’चा डी मोठा असो की छोटा, चालून जातं. कॉलेजच्या लिनक्सवर चालत नाही.

हेडरच्या डोक्यावरचा गार्ड, म्हणजे तीच हेडर दोनदा वाचू न देणारी अट, हाही तपासा. दोन्ही ब्लॉकनी इफएनडेफला एकच नाव, समजा ‘डिफाइन्स_व्हीएच’, दिलं असेल, तर दुसरी हेडर बरोबर सापडूनही आतून रिकामी निघेल, कारण पहिलीने तो मॅक्रो आधीच जाहीर केलेला असतो आणि बऱ्याच टूलांत तो पुढच्या फाइलींतही टिकतो. पाथ कितीही बरोबर असला तरी ही चूक पाथमध्ये दिसत नाही. गार्डच्या नावातही ब्लॉकचं नाव हवं.

फाइलींची यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहीत असाल तर व्हेरिलेटरमध्ये आणि इतरही बऱ्याच टूलांत डॅश स्मॉल एफ आणि डॅश कॅपिटल एफ यांत फरक आहे. स्मॉल एफमध्ये यादीतले पाथ टूल जिथून चालवलं तिथून मोजले जातात, कॅपिटल एफमध्ये ती यादी जिथे आहे तिथून. प्रत्येक ब्लॉकची यादी ब्लॉकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि वरून कॅपिटल एफने बोलवा.

नेमकी कोणती हेडर उचलली गेली, याचा अंदाज बांधत बसू नका, बघा. आयकॅरस आणि व्हेरिलेटर दोन्हींना डॅश कॅपिटल ई दिलं की फक्त प्रीप्रोसेस झालेला (इन्क्लूड आणि मॅक्रो उलगडलेला) कोड मिळतो. व्हेरिलेटरच्या त्या आउटपुटमध्ये मधेमधे येणाऱ्या ‘लाइन’ने सुरू होणाऱ्या ओळी कोणता भाग कोणत्या फाइलमधून आला ते पाथसकट सांगतात. वाचलेल्या सगळ्या फाइलींची यादी हवी असेल तर आयकॅरसला डॅश कॅपिटल एम आहे. सिम्युलेशनची यादी आणि सिंथेसिसची यादी शेजारी ठेवून जुळवा. आमच्या टीमने ही दहा मिनिटांची तुलना रोजच्या रनमध्ये घातली, ती त्या टेपआउटनंतर.

आणि सबमिशनच्या आधी एकदा पूर्ण रिकामा फोल्डर बनवा, त्यात उभं राहून प्रोजेक्टची यादी कॅपिटल एफने द्या आणि व्हेरिलेटरला फक्त लिंट करायला सांगा. तो ज्या ज्या ओळीवर फाइल सापडली नाही म्हणून थांबेल, ती प्रत्येक ओळ आजवर तुमच्या उभं राहण्याच्या जागेच्या भरवशावर चालत होती. त्या ओळी दुरुस्त करा, मग मित्राच्या लॅपटॉपवर पुन्हा बघा.